रेनकोट-स्वेटर घातला की छोटं कुत्रं जागचं हलत नाही: कारण कसं शोधायचं, सवय कशी लावायची

जून आला की ही तक्रार ठरलेली. हौसेने रेनकोट आणला, घातला, आणि पॉमेरेनियन किंवा शित्झू दारातच खिळून उभं. पट्टा ओढला तर पाय रोवतं, जास्त ओढलं तर आडवं पडतं. कोट काढल्याबरोबर अंग झाडतं आणि घरभर उधळतं. दुसऱ्या दिवशी कोटाची घडी हातात दिसली की पलंगाखाली पसार. थंडीत स्वेटरच्या वेळी हाच प्रकार, आणि नसबंदीनंतर टाक्यांवरचा सूट घालायची वेळ आली की पुन्हा तोच.

बहुतेक घरांत यावर एकच उपाय होतो: तसंच घालून ठेवा, होईल सवय. अर्ध्या तासाने कुत्रं कोपऱ्यात गप्प बसलं की सवय झाली असं धरून चालतात. ती सवय नसते. कान मागे पाडलेले, शेपूट पायात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, सारखं नाक-ओठ चाटतंय, झोप आलेली नसताना जांभया देतंय आणि पुढ्यातल्या चिकनकडेही बघत नाही, असं कुत्रं घाबरून थिजलेलं असतं. अशा अवस्थेत ते काही शिकत नाही. शिकतं ते एवढंच की कोट दिसला की पळायचं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांना एकच कसोटी लावा: अंगात कपडा असताना कुत्रं खातंय का आणि आपणहून चालतंय का? दोन्ही होत नसेल तर घाई झाली.

आधी, कपडा हवाच आहे का

छोट्या कुत्र्याचं वजन कमी आणि त्या मानाने अंगाचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे त्याच्या शरीरातली ऊब लवकर निघून जाते. चिहुआहुआ, मिनिएचर पिन्शर, आखूड केसांचं डॅशहाउंड, लहान पिल्लं, म्हातारी किंवा हडकुळी कुत्री यांना नाशिक-निफाडकडच्या दहा अंशांखालच्या पहाटेला स्वेटर खरोखर लागतो. दाट दुहेरी केसांच्या (आत मऊ, वर राठ थर) पॉमेरेनियनला मुंबईच्या किंवा कोकणातल्या डिसेंबरात स्वेटर घालणं म्हणजे त्याला उकडत ठेवणं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. पग आणि शित्झू यांचं नाक बसकं असल्यामुळे तेही त्यांना नीट जमत नाही. घरात पंखा लावावा लागत असेल तर कुत्र्याच्या अंगात स्वेटर नको. लग्नातली जरीची शेरवानी आणि फोटोपुरता लेहंगा यांची गरज कुत्र्याला कधीच नसते. त्यावरच्या टिकल्या आणि मणी मात्र पोटात जातात.

बिघडतं कुठे, ते बघा

कपडा घालताना नेमक्या कोणत्या क्षणी कुत्रं बिथरतं, यावर उपाय ठरतो. कपडा नुसता दिसताच पळत असेल तर मागच्या अनुभवाची धास्ती आहे. डोक्यातून घालताना मान मागे घेत असेल तर गळ्याची अडचण. पाय बाहीत घालताना कुरकुरत असेल तर पाय चुकीच्या दिशेने ओढला जातोय, नाहीतर कुठे तरी दुखतंय. वेल्क्रोची (चर्रकन उघडणारी) पट्टी लावताना दचकत असेल तर आवाजाची भीती. आणि सगळं नीट होऊन पहिलं पाऊल टाकताना थिजत असेल तर एकतर माप चुकलंय किंवा अंगावरच्या स्पर्शाचीच सवय नाही.

या शेवटच्या दोन शक्यता वेगळ्या करायला सोपी युक्ती आहे. घरातला सुती हातरुमाल कुत्र्याच्या पाठीवर नुसता टाका, बांधू नका, आणि दोन हातांच्या अंतरावर खाऊ टाका. रुमाल घेऊन ते चालत गेलं तर स्पर्शाचा प्रश्न नाही, कपड्याच्या मापात खोट आहे. रुमालानेही पुतळा होत असेल तर कपडा बाजूला ठेवा आणि सवय लावण्यापासून सुरुवात करा.

काल-परवापर्यंत बिनबोभाट स्वेटर घालणारं कुत्रं अचानक नकार देऊ लागलं तर सराव वगैरे काही करू नका, डॉक्टरांकडे न्या. कानात संसर्ग असेल तर डोक्यातून काहीही घालताना ठणका लागतो. डॅशहाउंडच्या मणक्याच्या तक्रारी नेहमीच्याच. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत गुडघ्याची वाटी सरकते. काखेत चट्टा किंवा गोचीड असली तरी कुत्रं तिथे हात लावू देत नाही.

माप: सगळ्यात जास्त चूक इथे होते

पाकिटावरचं एस-एम-एल आणि त्याखाली लिहिलेलं वजन यांच्या भरवशावर घेऊ नका. एका कंपनीचा एम दुसरीच्या एसएवढा निघतो. सात किलोचा पग आणि सात किलोचं डॅशहाउंड यांचं वजन सारखं, पण एक पिंपासारखं रुंद, दुसरं लांबुळकं. एकच कोट दोघांना बसणार कसा?

कुत्रं उभं असताना शिंप्याच्या टेपने तीन मापं घ्या. छातीचा घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागे, जिथे छाती सगळ्यात रुंद आहे तिथे. मानेचा घेर, जिथे गळ्यातला पट्टा बसतो तिथे. आणि पाठीची लांबी, मान संपते तिथपासून शेपटीच्या मुळापर्यंत. यात छातीचं माप राजा. तीन मापं एका साइजमध्ये बसत नसतील तर छाती धरून घ्या, लांबी शिंपी कमी करून देईल. कपडा घातल्यावर छातीपाशी दोन बोटं सहज जायला हवीत. दोन-तीन किलोच्या कुत्र्याला मात्र एकच बोट बस्स. त्याच्या इवल्याशा छातीवर दोन बोटांची ढिलाई जास्त होते, चालताना पुढचा पाय गळ्यातून बाहेर येतो आणि ते तोंडावर आपटतं. एकदा असं पडलं की पुढचा महिना सरावात जातो.

नर कुत्र्याच्या पोटाखालची कड लघवीच्या जागेच्या तीन-चार सेंटिमीटर आधी संपायला हवी. तसं नसेल तर पहिल्याच फेरीत कोट भिजतो, आणि ओला कपडा पोटाला चिकटला की कुत्रं चालायचं थांबतं. मालकाला वाटतं, पुन्हा हट्टाला पेटलं.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे काख. बाहीची शिवण कोपराच्या मागे घासत असेल तर प्रत्येक पावलाला टोचते, आणि मग न चालणं हाच शहाणपणा ठरतो. दहा मिनिटं घातल्यावर कपडा काढा, पुढचा पाय हलकेच उचला आणि काखेतले केस बाजूला करून बघा. कातडी लालसर दिसली किंवा केसांचा गुंता झाला असेल तर बाहीचं भोक लहान आहे. शिंप्याकडून खालच्या बाजूने एक सेंटिमीटर चंद्रकोरीसारखं कापून घ्या आणि कडेला मऊ सुती पायपिंग लावून घ्या. नायलॉनची नको, तिची कड करकरीत असते. निम्म्या ‘हट्टी’ कुत्र्यांचा हट्ट या एवढ्या शिवणकामाने जातो.

बाही असलेल्या कपड्यापेक्षा पाठीवर टाकून छातीखाली आणि गळ्यापुढे बांधायचा झूल-पद्धतीचा कोट नवशिक्या कुत्र्याला कितीतरी सोपा. डोकं घालायचं नाही, पाय घालायचे नाहीत. पहिली खरेदी असेल तर हाच घ्या. पिल्लासाठी महागाचं घेऊच नका. छोट्या जाती साधारण दहा-बारा महिन्यांपर्यंत वाढतात, तोवर दोन-तीन साइज बदलतात. सरावाला तान्ह्या बाळाचा जुना सुती टी-शर्ट चालतो. तो उलटा घालायचा, म्हणजे बाळाची पुढची बाजू कुत्र्याच्या पाठीवर, आणि पोटाखालचा जास्तीचा भाग कापून टाकायचा.

सवय लावताना

खाऊ असा हवा की जो एरवी मिळत नाही. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, शाकाहारी घरात पनीर. तुकडा तुरीच्या डाळीएवढा. तीन किलोच्या कुत्र्याला पोळीचा घास दिला तर पाचव्या घासाला त्याचं पोट भरतं आणि सराव संपतो. दिवसाच्या एकूण आहारात खाऊचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका, तेवढं जेवण कमी करा. कांदा-लसूण घातलेला रश्शातला तुकडा आणि मनुका कुत्र्याला विषारी, त्या नकोतच.

आता क्रम. बहुतेक जण हातात खाऊ धरून कुत्र्याला बोलावतात, ते आलं की झटकन कपडा घालतात. दोन दिवसांत कुत्र्याला कळतं की चिकन निघालं म्हणजे आपल्याला पकडणार, आणि ते चिकनलाही फसत नाही. क्रम उलटा हवा. आधी कपडा दिसतो, मग खाऊ सुरू होतो. कपडा गेला की खाऊ बंद. कपडा हीच चिकनची वर्दी ठरली पाहिजे. याच कारणाने कपडा काढल्यावर बक्षीस देऊ नका. सुटका हे त्याच्या दृष्टीने मोठं बक्षीस आहेच. वर चिकन दिलं तर कपडा निघण्याचीच ओढ वाढते.

एका वेळी दोन मिनिटं पुरे, दिवसातून दोन-तीनदा, जेवणाआधी. पायऱ्या अशा. कपडा जमिनीवर पसरा. कुत्र्याने हुंगला की तुकडा, त्यावर पाय दिला की तुकडा. मग कपडा हातात घेऊन खांद्याला टेकवा, तुकडा द्या, बाजूला घ्या. मग पाठीवर एक सेकंद, तीन सेकंद, पाच सेकंद. प्रत्येक वेळी कपडा तुम्ही उचला, कुत्र्याला झटकून टाकायची वेळ येऊ देऊ नका.

पाठीवर कपडा चालू लागला की लगेच घालायला जाऊ नका. मध्ये एक पायरी राहते. कुत्र्याला खरं खटकतं ते छातीभोवतीचं आवळणं. त्यासाठी जुन्या सुती ओढणीची आठ-दहा सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या आणि छातीभोवती एक वेढा द्या. गाठ मारू नका, टोकं हातात धरा. खाऊ देत पाच सेकंद, सोडा. मग दहा सेकंद. पट्टी थोडी घट्ट धरा, पुन्हा सैल. पट्टी अंगावर असताना कुत्रं खोलीत चार पावलं टाकू लागलं की पुढे चला. ही पायरी गाळलेली बहुतेक कुत्री पट्ट्या लागल्याबरोबर थिजतात.

डोक्यातून घालायचा स्वेटर असेल तर गळा कुत्र्याच्या डोक्यावर चढवू नका. कुत्र्याला गळ्यात शिरू द्या. लहान मुलाला घालताना गोळा करतो तसा स्वेटर मानेपर्यंत गोळा करा, गळ्यातून आपला हात पलीकडून घाला आणि चिमटीत तुकडा धरा. कुत्रं नाक पुढे करून तो खातं. पुढच्या वेळी चिमूट एक इंच मागे. असं करत करत कानांपर्यंत डोकं आपसूक आत येतं. कान दुमडले जातात तिथे बरीच कुत्री मागे सरतात, म्हणून गळा दोन्ही अंगठ्यांनी ताणून कानांवरून एका हालचालीत सरकवा, अडकवून ठेवू नका.

मग पाय. माणसाच्या मुलाचा हात आपण बाजूला ताणून बाहीत घालतो, तसं कुत्र्याचं करायचं नाही. त्याचा पुढचा पाय मागे-पुढे हलण्यासाठी घडलेला आहे, बाजूला ओढला की खांदा दुखतो. कोपराखाली हात घालून पाय पोटाच्या रेषेत, पुढच्या दिशेने दुमडा आणि पावलाऐवजी बाही पुढे आणा. बाही गोळा करून पावलावर मोज्यासारखी चढवा. नखं वाढलेली असतील तर विणीत अडकतात, आधी कापून घ्या.

वेल्क्रोचा चर्र आवाज हे वेगळंच प्रकरण. तो कुत्र्याच्या कानापासून वीतभर अंतरावर होतो. कपडा न घालता, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून हळूच उघडा आणि खाऊ टाका. दिवसागणिक जवळ या. एवढी उठाठेव नको असेल तर वेल्क्रो उसवून टिचबटणं लावून घ्या. लांब केसांच्या कुत्र्याला तर वेल्क्रो नकोच, पोटाखालचे केस त्यात धरले जातात आणि काढताना उपटले जातात.

कपडा पूर्ण चढला की पहिलं काम चालवणं. पट्टा लावून ओढायचं नाही. जमिनीवर आठ-दहा तुकडे हातभर अंतरावर विखरून टाका. नाक खाली गेलं की पाय आपोआप उठतात. पहिल्या दिवशी दहा सेकंद, मग वीस, मग मुद्दाम पाच, मग चाळीस. दर वेळी वाढवतच नेलं तर कुत्र्याला चढण जाणवते. मध्ये सोपं मिळालं की ते टिकतं. घरात पाच मिनिटं आरामात फिरू लागलं की जिना, मग इमारतीखाली. एखाद्या पायरीवर दोनदा बिनसलं तर मागच्या पायरीवर जा. निवांत कुत्र्याला आठवडा-दीड आठवडा लागतो, आधी धास्तावलेल्याला महिनाही.

मधेच थिजलं तर? हसू नका, उचलून नाचवू नका. दोन तुकडे नाकासमोर टाका. खाल्ले नाहीत तर बटणं, पट्ट्या सगळ्या शांतपणे सोडा आणि मग कपडा काढा. बांधलेला कपडा डोक्यावरून ओढून काढलात तर आठवड्याची मेहनत वाया. ‘आता काढला तर ते जिंकलं’ हा विचार सोडून द्या, इथे कोणी कुस्ती खेळत नाहीये. गुरगुरलं तर रागावू नका. गुरगुरणं म्हणजे चावण्याआधी दिलेली सूचना; ती दाबली तर पुढच्या वेळी ते न सांगता चावेल.

रेनकोटाच्या खास कटकटी

टोपी आधी कापा किंवा दुमडून शिवून टाका. ती कानांवर बसते, बाजूचं दिसू देत नाही आणि चालताना डोळ्यांवर येते. पुष्कळ कुत्री कोटाला नाही, टोपीला घाबरतात. प्लॅस्टिकचा कोट सळसळतो, तो आवाज पाठीशी सतत असतो. त्यापेक्षा आत पातळ जाळीचं अस्तर असलेला पॉलिएस्टरचा कोट शांत.

पट्टा छातीच्या हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या साजाला) लावा, गळ्यातल्या कॉलरला नको. छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते. हार्नेस कोटाच्या आत आणि पट्ट्याचं कडं पाठीवरच्या भोकातून वर. भोक कड्याच्या बरोबर वर नसेल तर पट्टा ताणला की सगळा कोट गळ्याकडे सरकतो आणि कुत्रं पुन्हा उभं राहतं. भोक जागेवर पाडून काजं करतात तशी त्याची कड शिवून घ्या.

जून-जुलैच्या दमट हवेत कोटाखाली वाफ धरते. वीस-पंचवीस मिनिटांची फेरी झाली की घरात शिरताच कोट काढा; पोट, काखा आणि बोटांमधला भाग पंच्याने कोरडा करा. ओलसर कातडीवर बुरशी आणि जंतू फावतात, लांब केसांच्या काखेत नमद्यासारख्या गाठी होतात. आणि रेनकोट आहे म्हणून साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग त्याच पाण्यातून होतो. त्याची लस दिली आहे का, ते कार्डावर बघून घ्या.

स्वेटर

कपाटातून काढलेल्या स्वेटरला डांबरगोळ्यांचा वास असेल तर तो घालू नका. त्यातलं नॅफ्थालीन कुत्र्याला विषारी, आणि एरवीही त्याच्या नाकाला तो दर्प सहन होत नाही. धुऊन, दोन दिवस उन्हात टाकून मगच. धुताना सुगंधी कंडिशनर नको. कोरड्या थंडीत फ्लीसच्या (मऊ, केसाळ कृत्रिम धाग्याच्या) कपड्यात वीज धरते. काढताना ठिणगीचा चटका बसलेलं कुत्रं पुन्हा जवळ येत नाही. सुती अस्तराचा किंवा चक्क जाड सुती कपडा घ्या. सैल विणीचा लोकरी स्वेटर नखांना आणि दातांना आयतंच निमित्त, उसवलेला धागा गिळला तर आतड्यात अडकून ऑपरेशनपर्यंत वेळ जाते. त्यामुळे कपडा घालून कुत्र्याला घरात एकटं ठेवायचं नाही, रात्रीही नाही. रात्रीच्या थंडीला अंथरुणाखाली पोतं आणि वर घोंगडी जास्त बरी.

ऑपरेशननंतरचा सूट

इथे मात्र महिनाभर वाट बघायला वेळ नसतो, म्हणून तारीख ठरली की त्याच दिवशी सूट आणून सराव सुरू करा. शस्त्रक्रियेच्या दिवशी भूल पूर्ण उतरलेली नसते, तेव्हा कुत्रं सूट मुकाट घालून घेतं. खरा गोंधळ दुसऱ्या दिवशी. टाके साधारण दहा ते चौदा दिवस असतात. सूट दोन घ्या, एक धुण्यात असताना दुसरा अंगात. मागचा भाग बटणांनी उघडून पाठीवर गुंडाळता येतो ना, ते दुकानातच बघा; दर फेरीला तो गुंडाळायचा, लघवीने भिजलेला कपडा टाक्यांना लागू द्यायचा नाही. सूट घालून कुत्रं लघवीच करत नाही, असंही होतं. फेरीपुरता सूट पूर्ण काढा, पट्टा आखूड धरा, जखम चाटू देऊ नका, आणि आत आल्यावर परत चढवा. तरी सकाळपासून रात्रीपर्यंत लघवी झाली नाही तर डॉक्टरांना फोन करा. सूट अजिबातच सोसवत नसेल तर चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घालायचा शंकू किंवा मऊ फुगीर कॉलर चालेल का, ते त्यांनाच विचारा. लांब पाठीचं डॅशहाउंड फुगीर कॉलर घालूनही टाक्यांपर्यंत पोचतं, त्यामुळे त्याला शंकूच.

महिना झाला तरी जमत नसेल

काही कुत्री कपडा कधीच मनापासून घेत नाहीत. पावसाची उघडीप बघून फेरी काढा, मोठी छत्री घ्या, दाराशी दोन पंचे टांगून ठेवा. पोटाचे केस पावसाळ्यापुरते आखूड करून घेतले तर वाळायला निम्मा वेळ लागतो. दुहेरी केसांच्या पॉमेरेनियनची पाठ मात्र भादरू नका, केस पूर्वीसारखे परत येतीलच असं नसतं. कपड्याबरोबर अंगाला हातही लावू देत नसेल, चावायला येत असेल, तर आधी डॉक्टरांकडून दुखणं नाही याची खात्री करून घ्या आणि मग खाऊ देऊन शिकवणारा प्रशिक्षक गाठा. साखळी आवळून ‘दोन दिवसांत सरळ करतो’ म्हणणाऱ्याकडे देऊ नका.